झालरवाली पांढरी ऑर्किड: वेस्टर्न की ईस्टर्न?

जुलैच्या सुरुवातीला अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या ओलसर प्रेअरीत, कमरेएवढ्या गवतातून पांढऱ्या झालरदार फुलांचा तुरा वर आलेला दिसला, की तीन नावांत घोळ होतो: वेस्टर्न प्रेअरी फ्रिंज्ड, ईस्टर्न प्रेअरी फ्रिंज्ड आणि रॅग्ड फ्रिंज्ड ऑर्किड.

रॅग्ड आधी बाजूला काढा. ती हिरवट असते, वरच्या दोन पाकळ्या अरुंद आणि साध्या कडांच्या. प्रेअरीवाल्या दोघींच्या याच पाकळ्या रुंद, दातेरी कडांच्या. (माझी पहिली ‘दुर्मिळ ऑर्किड’ रॅग्डच निघाली. फोटो तोवर सगळ्यांना पाठवून झाले होते.)

आता खरा पेच. नॉर्थ डकोटा किंवा कॅनडातल्या मॅनिटोबात असाल तर वेस्टर्न, शिकागोच्या आसपास असाल तर ईस्टर्न. ढोबळमानाने मिसिसिपी नदी ही हद्द. आयोवात मात्र दोन्ही सापडतात आणि नकाशा हात टेकतो.

रंगावर जाऊ नका. वेस्टर्न सायीच्या रंगाकडे झुकते म्हणतात, पण संध्याकाळच्या उन्हात सगळंच सायीचं दिसतं. वेस्टर्नचं फूल मोठं आणि मागची मधाची नळी लांब, साधारण साडेतीन ते साडेपाच सेंटिमीटर. ईस्टर्नची त्याहून आखूड, तरी मापं एकमेकांत मिसळतात. नुसत्या पट्टीवर निकाल देऊ नये.

निकाल लागतो फुलाच्या तोंडाशी. नळीच्या वर परागाच्या दोन पुरचुंड्या असतात, प्रत्येकीला एक चिकट चकती. वेस्टर्नमध्ये या चकत्या एकमेकींपासून दूर असतात. रात्री वासाने आलेला हॉकमॉथ (लांब सोंडेचा पतंग) मधासाठी डोकं खुपसतो, तेव्हा त्या त्याच्या डोळ्यांवर चिकटतात. ईस्टर्नमध्ये त्या जवळजवळ असतात आणि सोंडेला चिकटतात. दोघी 1986 पर्यंत एकच जात मानल्या जात. शेविएक आणि बोल्स या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्या वेगळ्या केल्या, त्यात फुलाच्या या रचनेचा मोठा वाटा होता.

म्हणून एकच फोटो काढायचा असेल तर समोरून, अगदी जवळून काढा. दुसरा जमला तर बाजूने, नळीशेजारी पट्टी धरून. तोडायचा प्रश्नच नाही, दोन्ही 1989 पासून अमेरिकेच्या संरक्षित यादीत आहेत. नेमकी जागाही जाहीर करू नका. आणि पट्टी धरायला वाकताना पाय कुठे पडतोय ते बघा: शेजारचं न फुललेलं रोप एखाद-दोन पानांचं असतं, पायाखाली आलं तरी कळत नाही.