रिले बसवला म्हणून 1,950 रुपये घेतले, आणि रिलेला वायरच नव्हती

सरळ आकडा लिहिते. दुकानदाराने घेतले 9,150 रुपये. त्याने करून ठेवलेलं निस्तरायला गेले 7,710. एकूण 16,860 रुपये, एका 2009 च्या वॅगन आरच्या हेडलाइटपायी. घरच्यांचं म्हणणं, झालं ते झालं, आता गप्प बस, लोक नावं ठेवतील. ठेवू देत. गणपतीच्या आधी आपल्याकडच्या निम्म्या जुन्या गाड्या लाइटच्या कामाला निघतात, आणि तो माणूस अजून दुकान उघडून बसलाय.

मी हौस म्हणून गेले नव्हते, हे आधी सांगते. आमचं गुहागर बाजूला घरगुती निवास-न्याहारी आहे. पाहुणे चिपळूण स्टेशनला उतरतात, गाड्या रात्री-अपरात्री येतात आणि त्यातही उशिरा येतात. रिक्षावाले त्या वेळी तोंडाला येईल ते भाडं सांगतात, म्हणून आणायला मीच जाते. मार्गताम्हाने मागे पडलं की रस्त्यावर दिवे नाहीत. पावसाळ्यात ओलं डांबर उजेड शोषून घेतं, कडेचा पांढरा पट्टा पुसलेला असतो आणि वळणावर गुरं बसलेली असतात. माझ्या गाडीचे लाइट मेणबत्तीएवढे झाले होते. काचा उन्हाने पिवळ्या पडलेल्या, डिपर (जवळचा, खाली पडणारा उजेड) लावला काय आणि नाही लावला काय. मागे चार परकी माणसं बसलेली असताना असं गाडी चालवणं जिवावर येत होतं.

पर्यटकांच्या गाड्या चालवणाऱ्या एका ओळखीच्या ड्रायव्हरने महामार्गावरच्या या दुकानाचं नाव दिलं. आमच्या जिल्ह्याबाहेरचं दुकान. त्याला त्यात कमिशन होतं, हे नंतर कळलं.

दुकानदाराने आधी एलईडी काढले. डब्यावर 20,000 ल्युमेन (उजेडाचं माप) छापलेलं. आपल्या गाड्यांमधला एच-4 बल्ब अप्परला (लांबच्या उजेडाला) साधारण 1,650 आणि डिपरला 1,000 ल्युमेन देतो, एवढं मला माहीत होतं. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये स्वस्तातला एलईडी घातला की फिलामेंटच्या नेमक्या जागी चिप येत नाही, उजेड सैरावैरा फाकतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आपल्या पावसात तर तो निळसर पांढरा उजेड थेंबांवर आदळून आपल्याच अंगावर येतो. मी नको म्हटलं. 60/55 वॅटचाच (अप्पर 60, डिपर 55) चांगल्या कंपनीचा बल्ब आणि बॅटरीपासून रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच) टाकून वेगळं वायरिंग करून द्या, असं स्पष्ट सांगितलं. माझ्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून बल्बकडे जातो. वाटेत एक व्होल्ट जरी गळला तरी उजेडाचा जवळजवळ पाव हिस्सा जातो. रिले टाकला की स्विचकडे फक्त चालू-बंदचं काम राहतं आणि बल्बला थेट बॅटरीकडून करंट मिळतो. जुन्या गाडीला हा खरा उपाय आहे आणि तो पूर्ण कायदेशीर आहे.

इथे त्याने मला ओळखलं. "ताई, तुम्हाला यातलं कळतं. बाकीची गिऱ्हाइकं नुसतं पांढरं पांढरं करतात." बस. त्यानंतर तो माझ्याच तोंडचे शब्द मला परत देत राहिला. सगळ्यांनी म्हटलं की तुला काही कळत नव्हतं म्हणून फसलीस. उलट आहे. ज्याला थोडं कळतं त्याला काय दाखवायचं, हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

हिशेब असा. दोन्ही बाजूंचे अख्खे नवे हेडलाइट 5,200. "जर्मन" बल्बची जोडी 2,150. रिलेचं वायरिंग 1,950. मजुरी 700. झाले 10,000. जुने लाइट ठेवून घेतो म्हणून 850 वजा, राहिले 9,150. त्यातले 5,000 आगाऊ यूपीआयने. क्यूआर भलत्याच नावाचा निघाला. विचारलं तर "भावाचं खातं आहे". उरलेले 4,150 रोख. पावती मागितली तर पॅडवर "हेडलाइट काम" असं लिहून दिलं. जीएसटी नंबर नाही, वस्तूंची नावं नाहीत. जुने लाइट कधीही दुकानात ठेवून येऊ नका. माझे कंपनीचे होते, त्यांना फक्त घासून पॉलिश हवं होतं. पाण्याखाली बारीक पॉलिशपेपर मारून वरून कोटिंग दिलं की काच परत स्वच्छ होते. नंतर मागायला गेले तेव्हा ते "भंगारात गेले" होते.

आता तो क्षण. झोप उडवतो मला तो अजून.

काम झालं. त्याने बॉनेट उघडून रिले दाखवले. दोन काळे चौकोनी रिले, बॉडीला स्क्रूने नीट बसवलेले, काळ्या नळीतून गेलेल्या वायरी, बॅटरीला जोडलेली जाड लाल तार, मध्ये फ्यूज. बघून समाधान वाटावं असं काम. मग तो स्वतः गाडीत बसला, इंजिन चालू केलं, रेस केलं आणि मग लाइट लावला. समोरच्या भिंतीवर उजेडाचा लोळ पडला.

रिले चालू झाला की "टक" असा आवाज येतो. माझ्या भावाच्या सुमोत रिले आहे, तो आवाज मला ओळखीचा आहे. बॉनेटपाशी उभ्या माणसाला तो यायलाच हवा. मला आला नाही. पण इंजिन रेसवर, शेजारी टायरवाल्याचा कॉम्प्रेसर, दुकानात गाणी. त्या गोंगाटात आवाज आला नाही म्हणून कोणाला संशय येईल? आणि भिंत तर लख्ख दिसत होती! रिलेशिवाय एवढा उजेड कसा पडेल, असाच विचार कोणीही केला असता. आज कळतं की आधी रेस मारून मग लाइट लावणं हे त्याचं रोजचं असणार. कोणी रिले बसवून दिला तर इंजिन बंद ठेवा, फक्त चावी फिरवा, लाइट लावा आणि कान द्या. त्याहून सोपं म्हणजे लाइट चालू असताना त्या लाइटचा रिले सॉकेटमधून उपटा. लाइट गेला पाहिजे. नाही गेला, तर रिले शोभेचा आहे.

एवढा उजेड का पडला, ते ऐका. डबा 60/55 वॅटचा होता, आतले बल्ब 100/90 वॅटचे. बाजारात काही शेकड्यांत मिळणारी जोडी. साध्या डिपरला दोन बल्बचे मिळून 110 वॅट, म्हणजे नऊ-दहा अँपिअर लागतात. 90 वॅटच्या दोन बल्बना 15 अँपिअर. तो सगळा करंट पंधरा वर्षं जुन्या स्विचमधून आणि केसासारख्या बारीक वायरीतून जात होता. पहिले काही दिवस गिऱ्हाईक खूश असतं, कारण उजेड खराच पडतो. तोवर पैसे पचलेले असतात.

पुण्याचे पाहुणे घेऊन रात्री येत होते. आजी, सून, लहान मुलगा. पाऊस धो धो. जळक्या प्लॅस्टिकचा वास आला, डिपर फडफडला आणि दोन्ही लाइट एकदम गेले. वळणावर. समोर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. डिपरची दांडी ओढून धरली की अप्पर तेवढा लागत होता. तशी एका हाताने दांडी धरून, रांगत रांगत एका बंद टपरीपाशी गाडी नेली. शेजारून एसटी गेली तेव्हा ती आजी देवाचं नाव घ्यायला लागली. त्या पाहुण्यांकडून मी पैसे घेतले नाहीत. तो तोटा वरच्या हिशेबात धरलेलाही नाही.

गावातल्या वायरिंगवाल्या दादाने दुसऱ्या दिवशी अंगणातच गाडी उघडली. बल्बमागचं रबर ओढलं तर ते चिकटून आलं. होल्डर तपकिरी होऊन वितळलेला. बल्बच्या बुडाशी बारीक अक्षरांत 100/90. 60/55 कुठेच नाही आणि वर्तुळातलं ई आणि आकडा, तो मंजुरीचा शिक्काही नाही. मग त्याने रिले उपटून सॉकेट माझ्या हातात दिलं. आत पितळेच्या पिनाच नव्हत्या. वायरी नुसत्या भोकांत खोचलेल्या. काळी नळी ब्लेडने चिरली, तर बॅटरीकडून आलेली ती जाड लाल तार वीतभर पुढे येऊन चिकटपट्टीत संपलेली. मी ती तार हातात धरून उभी राहिले आणि संतापाने माझे हात थरथरत होते. 1,950 रुपये त्या तुकड्याचे.

दादा आणखी एक बोलला. जुन्या अर्थिंगच्या वायरीच्या टोकाला हिरवा गंज चढला होता. खाऱ्या हवेत राहतो आपण, हे होतंच. ते टोक घासून पक्कं केलं असतं आणि काचा पॉलिश केल्या असत्या, तरी माझे मूळ लाइट चालले असते. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी नवीन काहीही घ्यायच्या आधी अर्थिंग तपासून घ्या.

दुरुस्तीला नवा स्विच 2,350, हेडलाइट परत 2,700 (दुकानदाराच्या "नव्या" युनिटचा रिफ्लेक्टर आतून काळा पडला होता), चिनी मातीचे होल्डर 300, खरा रिले सेट 1,100, साधे 60/55 चे बल्ब 360, मजुरी 900.

आता आपले अधिकारी. दुकानाच्या हद्दीतल्या पोलिसांकडे गेले. पहिला प्रश्न, "मिस्टर नाही आले?" दुसरा, "गाडी कुणाच्या नावावर?" गाडी माझ्या नावावर आहे, पैसे माझे आहेत, फसवणूक माझी झाली आहे. सगळं ऐकून म्हणाले, ही दिवाणी बाब आहे, ग्राहक न्यायालयात जा. डब्यात एक माल दाखवून दुसरा देणं आणि न केलेल्या कामाचे पैसे घेणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला 318 कलम आहे, पूर्वीचं 420. मी तसं म्हटलं तर "मॅडम वकील आहात का?" घराजवळच्या पोलिसांनी हद्द नाही म्हणून हात झटकले. गुन्हा कुठेही घडलेला असला तरी माहिती नोंदवून घ्यायला हवी, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 173 कलमात लिहिलं आहे. पण ते वाचायचं मी, आणि पगार घ्यायचा यांनी. अर्ज लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. मी उठले नाही, म्हणून माझ्याकडे पोच तरी आहे.

परिवहन कार्यालयात तर कहर झाला. मला वाटलं, बेकायदा बल्ब विकणाऱ्यावर हे तरी काही करतील. तिथल्या साहेबांनी बल्ब हातात घेतला, वॅट वाचले आणि म्हणाले, "हे तुमच्या गाडीत होतं ना? मग दंड तुम्हाला लागेल." मोटार वाहन कायद्याच्या 182अ कलमात परवानगीविना फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, ते त्यांना तोंडपाठ होतं. दुकानदाराचं काय, तर "तो आमच्या अखत्यारीत येत नाही." महामार्गावर समोरून डोळे फोडणारे निळे-पांढरे लाइट रोज येतात, ते यांना दिसत नाहीत. तक्रार घेऊन आलेली बाई तेवढी दिसते. बँकेने सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार तुमच्या संमतीचा. वजनमापवाले म्हणाले, डबा फोडलेला आहे, सीलबंद असता तर बघितलं असतं. सीलबंद डब्याच्या आत 100 वॅटचा बल्ब आहे, हे मला डबा न फोडता कसं कळावं? बंद डब्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी फोन नंबर छापलेला असावाच लागतो. माझ्या डब्यावर यातलं काहीच नाही. तेवढ्यावर तरी नोटीस निघायला हवी होती. निघाली नाही.

वाकडी वाट करून शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. हे कोणी सांगत नाही म्हणून लिहिते. 2019 च्या कायद्याप्रमाणे दुकान दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, ऑनलाइनही भरता येते, आणि मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून तक्रार क्रमांक घ्या. जळालेले बल्ब, होल्डर, स्विच काही फेकू नका. दुरुस्ती करणाऱ्याकडून काय सापडलं ते त्याच्या सहीने लिहून घ्या आणि उघडतानाचे फोटो काढा. माझ्या दादाने दोन ओळी लिहून दिल्या, वकिलाच्या मते त्याच सगळ्यात कामाच्या आहेत. पैसे क्यूआरने दिलेत तर नाव दिसेल असा फोटो ठेवा. रोख दिलेले 4,150 सिद्ध करताना माझा जीव जातोय, म्हणून रोख देऊच नका.

तक्रारीची नोटीस पोचल्यावर दुकानदाराचा फोन आला. तोच आवाज, तेच "ताई". 1,500 रुपये पाठवतो, तक्रार मागे घ्या, आपलीच माणसं आहोत. मी फोन रेकॉर्ड केला, वकिलाला दिला आणि दुकानदाराला आकडा परत सांगितला, 16,860.