अंधशाळा की घराजवळची शाळा?

लेकरू सहा वर्षांचं झालं की घरात हाच विषय घोळायला लागतो. लांबच्या अंधशाळेत ठेवायचं, की गल्लीतल्या मुलांबरोबर इथल्याच शाळेत घालायचं? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ही निवड आपल्या हातात दिली आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल, तर ६ ते १८ वर्षांपर्यंत शेजारच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिकता येतं. ‘आमच्याकडे सोय नाही’ असं ऐकून मुकाट परत येऊ नका.

अंधशाळेची खरी ताकद म्हणजे ब्रेल. पाटीत कागद अडकवून उजवीकडून डावीकडे ठिपके टोचायचे, मग कागद उलटून डावीकडून वाचायचं. सहा ठिपक्यांवर बोट बसायला रोजचा सराव लागतो; घराजवळच्या शाळेत कधीमधी फेरी मारणाऱ्या विशेष शिक्षकाकडून तो होत नाही. टेलर फ्रेमवरचं, म्हणजे भोकांच्या पाटीत खुंट्या बसवून करायचं गणित, पांढरी काठी, आपलं ताट आपण वाढून घेणं, हेही तिथं अंगवळणी पडतं. ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल, दादरची मुलींची कमला मेहता या शाळा शंभराहून अधिक वर्षं हेच करत आल्या आहेत. पण वसतिगृहात राहिलेलं मूल दिवाळीला घरी येतं, तेव्हा गल्लीतल्या पोरांना ते पाहुणं वाटतं. आईबापांना हे फार लागतं, आणि लागणारच.

घराजवळच्या शाळेत भावंडं असतात, मित्र असतात, रात्री घरची भाकरी असते. अशाच एका वर्गात मी मागे बसले होते. बाई फळ्यावर गणित सोडवत होत्या, ‘हे इकडे आणा, आता याला यानं भागा.’ दुसऱ्या बाकावरचा दृष्टिहीन मुलगा रिकाम्या बाकावर दोन्ही हात ठेवून बसला होता. त्याला कुणी त्रास देत नव्हतं, बाई तर मायेच्या होत्या. पण अख्ख्या तासात त्याच्यापर्यंत एक आकडा पोचला नाही.

मला विचाराल तर, मूल पूर्ण अंध असेल तर चौथीपर्यंत अंधशाळा आणि पाचवीपासून घराजवळची शाळा. ‘मोबाइल वाचून दाखवतो, ब्रेल कशाला?’ असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला सारखेच लागतात, फरक बोटालाच कळतो. पुढे परीक्षेला लेखनिक मिळतो, जादा वेळ मिळतो, पण शुद्धलेखन मुलाला स्वतःला यायला हवं.

अल्पदृष्टी असेल तर मात्र पहिलीपासून इथलीच शाळा. मोठ्या अक्षरांची पुस्तकं, जाड स्केचपेन, पुढचा बाक आणि खिडकीकडे पाठ, एवढ्यावर पुष्कळ निभावतं.

प्रवेश घेण्याआधी वर्गात अर्धा तास मागे बसायची परवानगी मागा. डोळे मिटा, आणि फळ्यावर काय लिहिलंय ते तुम्हाला कळतंय का बघा.