बारशाआधी मोबाइल घ्यावा की हँडीकॅम?

धाकटी बहीण बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. परवा जेवताना तिनं विचारलं, "दादा, बारशाच्या आत चांगल्या कॅमेऱ्याचा मोबाइल घेऊ, की तुझ्यासारखा छोटा हँडीकॅम शोधू?" तेव्हा दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं, पण रात्री वाटलं, हे नीट सांगायला हवं होतं. आठ वर्षांपूर्वी हाच प्रश्न माझ्यापुढे होता. तेव्हापासून दोन्ही वस्तू घरात आहेत आणि दोन्ही वापरात आहेत. (हँडीकॅम हे खरं तर एका कंपनीच्या मालाचं नाव, पण आपल्याकडे तळहातावर मावणाऱ्या कुठल्याही व्हिडिओ कॅमेऱ्याला तेच म्हणतात. मीही तेच म्हणतो.)

रिझोल्यूशन, मेगापिक्सेल यांत शिरत नाही, ते सगळं खोक्यावर लिहिलेलं असतं. घरच्या टीव्हीवर बघायला फुल एचडी पुरतं असा माझा अनुभव आहे. दिवाळीत सगळे जमल्यावर जुने व्हिडिओ लावतो, तेव्हा "हे फोर-के का नाही?" असं अजून कुणी विचारलेलं नाही. "आवाज वाढव" मात्र दर वेळी म्हणतात.

मोबाइलची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. तान्ह्या मुलाच्या घरात जे टिपायचं असतं, ते सांगून होत नाही. बाळ पालथं पडतं ते दुपारी सव्वातीनला, आपण भाजी निवडत असताना. आमच्या मुलीची पहिली पावलं मोबाइलवरच आहेत. दिवाणाची कड सोडून ती चार पावलं चालली आणि मटकन खाली बसली. हँडीकॅम कपाटात होता. बॅग काढून, पडदा उघडून, कॅमेरा चालू होईपर्यंत ती केव्हाच बसली असती.

दुसरं म्हणजे अंधार. गणपतीत आम्ही घरातले दिवे मालवून निरांजनांच्या उजेडात आरती करतो. माझ्या हँडीकॅमचा सेन्सर, म्हणजे आतला उजेड टिपणारा भाग, १/५.८ इंचाचा, म्हणजे अगदीच बारीक. आजच्या मध्यम किमतीच्या मोबाइलमध्येही मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. त्यामुळे त्याच आरतीत मोबाइलवर आईचा चेहरा उजळ, सोनेरी दिसतो आणि हँडीकॅममध्ये सगळं चित्र रवाळ होतं. त्यावर मला इलाज सापडलेला नाही. आता आरतीच्या वेळी मी फक्त मोबाइल काढतो, किंवा मागच्या खोलीतला एक दिवा चालू ठेवतो.

आणि पाठवणं. बाळाच्या आजोबांना बेंगळुरूला दोन मिनिटांत व्हिडिओ पोचतो, ही सोय छोटी नाही.

मग हँडीकॅम कशाला? शाळेचं गॅदरिंग आठवा. आम्हाला सतरावी रांग मिळाली होती. मुलगी कोळीगीतावर नाचणार होती आणि उभं केलं होतं रांगेत सगळ्यात कडेला. मोबाइलच्या टेलिफोटो लेन्सला बहुधा तीन किंवा पाच पट झूम असतो. त्यापुढे चित्र नुसतं ताणून मोठं होतं आणि चेहरे विरघळतात. माझ्या हँडीकॅमला ३० पट ऑप्टिकल, म्हणजे चित्र न ताणता भिंगांनीच जवळ आणणारा, झूम आहे. त्या आठवड्यात तिचा पुढचा दात पडला होता. व्हिडिओत ती फट दिसते, ओठांनी ती झाकायचा तिचा प्रयत्न दिसतो आणि गाणं रंगात आल्यावर ते विसरून ती मोकळी हसते तेही दिसतं. इतक्या झूमवर हात जरा हलला तरी चित्र डुलतं, म्हणून कोपरं पुढच्या खुर्चीच्या पाठीवर टेकवायची आणि श्वास सावकाश घ्यायचा. चालू नाचात झूम मागेपुढे करू नये. एकदा चौकट ठरवली की मनात दहापर्यंत मोजावं आणि मगच हलावं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पहिल्या वर्षीचे व्हिडिओ बघून कळलं.

पण खरं सांगायचं तर झूमसाठी मी हँडीकॅम घेतला नाही. घेतला तो एका फोनमुळे.

थोरल्या पुतण्याची मुंज होती. कार्यालयाचा फोटोग्राफर फोटोंपुरता ठरवलेला आणि व्हिडिओ माझ्याकडे. मोबाइल नवा होता, कॅमेरा उत्तम होता. मातृभोजन सुरू झालं. वहिनी पाटावर बसलेली, शेजारी पुतण्या आणि एकाच ताटात दोघांचं जेवण. आईच्या ताटात जेवण्याचा तो शेवटचा मान. वहिनीनं जिलबीचा तुकडा मोडून त्याच्या तोंडात घातला, तो लाजला, तिचे डोळे भरून आले आणि फोन वाजला. पत्रिकेवर संपर्कासाठी माझाच नंबर छापलेला होता. सांगलीहून आलेल्या काकांना रिक्षावाल्यानं जवळजवळ त्याच नावाच्या दुसऱ्या कार्यालयात नेऊन सोडलं होतं. वय ७८, उन्हाची वेळ, बरोबर काकू. न उचलून चालणारच नव्हतं. फोन उचलला तसं रेकॉर्डिंग थांबलं. मी बाहेर जाऊन रिक्षावाल्याला रस्ता समजावला, गेटशी एका मुलाला उभं केलं आणि परत आलो तर पाट रिकामा होता. आतल्या बाजूला चौल, म्हणजे मुंडण, सुरू झालं होतं.

आज तो व्हिडिओ लावला की एका क्लिपमध्ये पुतण्याच्या डोक्यावर दाट केस आणि तोंडात जिलबी, पुढच्या क्लिपमध्ये निम्मं डोकं भादरलेलं. मधलं काहीच नाही. वहिनी कधी एका शब्दानं बोलली नाही, पण ती क्लिप संपते तिथं ती दर वेळी थोडी थांबते.

तुम्ही म्हणाल, फ्लाइट मोडवर टाकायचा. परीक्षेच्या हॉलमध्ये ते ठीक आहे. पण घरचं कार्य असतं तेव्हा घरच्या माणसाचा फोन बंद ठेवता येत नाही. गुरुजींना दर्भ हवा असतो, आचाऱ्याला पानं किती ते विचारायचं असतं, कुणीतरी वळण चुकलेलं असतं. बायकोचा मोबाइल घ्यावा तर तिलाही तितकेच फोन. जुन्या मोबाइलमधून सिम काढून तो नुसता कॅमेरा म्हणून वापरणं हा उपाय माझ्या मेहुण्यानं केलाय आणि त्याचं बरं चाललंय. घरात तसा धडधाकट जुना फोन पडून असेल तर आधी तो वापरून बघा, माझ्या आग्रहाखातर पैसे घालू नका. मला तो जमला नाही, कारण आमचा जुना फोन सलग अर्धा तास चालला की तापून बंद पडायचा.

हँडीकॅम कुणाचा फोन घेत नाही. शिवाय तो कुणाच्याही हातात देता येतो, हे मला नंतर उमगलं. दहा वर्षांच्या भाचीला मोबाइल देताना माझं बँकेचं ॲप, ऑफिसचे निरोप सगळं तिच्या हातात जातं. हँडीकॅमचा पट्टा तिच्या मनगटावर आवळला आणि लाल बटण दाखवलं की काम झालं. तिनं जमिनीलगतच्या उंचीवरून काढलेल्या व्हिडिओत आमच्या घरातली सगळी लहान मुलं समोरासमोर दिसतात. मी काढलेल्यात त्यांचे भांगच जास्त दिसतात.

माझं मन ज्यामुळे पुरतं तिकडे झुकलं ती गोष्ट आजीची. ती तेव्हा ८९ वर्षांची होती. मोबाइल तिच्यासमोर धरला की तिला वाटायचं, व्हिडिओ कॉल आहे. लगेच पदर सारखा करून ती विचारायची, "कोण आहे? जेवलास का रे?" कितीही समजावलं तरी पाच मिनिटांनी पुन्हा तेच. तिच्या दृष्टीनं त्यात काहीच चूक नव्हतं, त्या वस्तूत माणसंच येतात हे तिनं पाहिलेलं होतं. मग एका दुपारी हँडीकॅम तीन-साडेतीन फुटांवर लहानशा ट्रायपॉडवर ठेवला, डोक्यावरचा पंखा बंद केला आणि तिच्यापुढे भिजवलेल्या वालांचं भांडं सरकवलं. सोलता सोलता ती बोलत राहिली. तिच्या सासरचा ओटा, पावसाळ्यात वर्षभराची लाकडं कुठं रचायचे, कुठल्या जावेनं तिला पोहायला शिकवलं. एक तास बारा मिनिटं. त्या डबीकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. मागून वालांची सालं ताटलीत पडल्याचा आवाज येतो. पंखा चालू असता तर तो आलाच नसता, म्हणून आवाजाबद्दल एवढंच सांगतो: कॅमेरा माणसाच्या जवळ न्या आणि पंखा बंद करा. वेगळा माइक लावायची सोय स्वस्त हँडीकॅमला बहुधा नसते, पण मला तिची उणीव फारशी भासली नाही.

आता हँडीकॅम घ्यायचा म्हटलं तर काही अडचणी आधीच सांगितलेल्या बऱ्या.

परदेशातल्या नातेवाइकांकडून मागवू नका, निदान अमेरिकेतून तरी नको. न्यू जर्सीचे आमचे एक आप्त प्रेमानं कॅमेरा घेऊन आले होते. साखरपुड्याच्या हॉलमधल्या ट्यूबलाइटखाली त्यातल्या चित्रावर सबंध वेळ उजेड-अंधाराच्या लाटा सरकत होत्या. कॅमेरा बिघडलेला नव्हता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. तिकडचा कॅमेरा ६० हर्ट्झचा हिशोब धरून सेकंदाला ३० किंवा ६० चित्रं घेतो आणि दोघांचा ताल जुळत नाही. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवता आलं तर बरंचसं निभावतं, पण साध्या हँडीकॅमच्या मेनूत ती सोय सापडेलच असं नाही. इथं विकायला आलेला, सेकंदाला ५० किंवा २५ फ्रेम, म्हणजे चित्रं, घेणारा कॅमेराच घ्या.

ऑनलाइन दिसणारे 'फोर-के, ४८ मेगापिक्सेल, १६ एक्स' असे अनोळखी नावांचे स्वस्त कॅमेरे टाळलेले बरे. त्यातला झूम बहुतेक वेळा डिजिटलच असतो, म्हणजे मोबाइलवर दोन बोटांनी चित्र ताणावं तसा. ऑप्टिकल हा शब्द वर्णनात शोधा.

नव्या कॅमेऱ्यांत निवड आता फार उरलेली नाही, म्हणून मी वापरलेलाच घेतला, मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारातून. घेताना पडदा दहा वेळा उघडमीट करून पाहिला, कारण जुन्या हँडीकॅममध्ये बिजागरीतली पट्टी आधी तुटते. झूम टोकापासून टोकापर्यंत नेऊन मोटर कुरकुरते का ते कान लावून ऐकलं आणि दुकानातच वीस मिनिटं सलग रेकॉर्डिंग केलं. बॅटरी जुनी असणारच, दुसरी घ्यायचे पैसे बाजूला ठेवा.

फायलींचा थोडा त्रास आहे. बरेच हँडीकॅम २००६ साली आलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीनं रेकॉर्ड करतात. सेकंदाला २४ मेगाबिट या दर्जावर तासाला साधारण ११ जीबी लागतात, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डावर साडेपाच तासांच्या वर मावतं. पण लांब रेकॉर्डिंगचे आपोआप दोन किंवा चार जीबीचे तुकडे पडतात आणि ते सुटे उचलून जोडले तर जोडावर आवाज क्षणभर तुटतो. मी कार्डावरचं पूर्ण फोल्डर जसंच्या तसं उतरवतो आणि कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या प्रोग्रॅमनं जोडतो. महिन्याच्या एका रविवारी बसावं लागतं. हा वेळ नसेल तर मोबाइलच बरा, हे मनापासून सांगतो.

मिररलेस, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या फोटोंच्या कॅमेऱ्याचं चित्र या दोन्हींहून सुंदर येतं यात वाद नाही. पण त्यातल्या कित्येक जुन्या मॉडेलांवर रेकॉर्डिंग २९ मिनिटं ५९ सेकंदांनी थांबतं. युरोपात अर्ध्या तासाच्या पुढे रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्याला व्हिडिओ कॅमेऱ्याचं जास्तीचं सीमाशुल्क लागायचं, त्यातून ही मर्यादा आली. फोटोग्राफीची आवड असेल तर जरूर घ्या. माझ्या आजीचं बोलणं मात्र त्यात मावलं नसतं.

बहिणीला मी असं सांगणार आहे: पहिलं वर्ष हातात आहे तोच मोबाइल पुरेल, नवा घ्यायची घाई नको. बारशाला माझा हँडीकॅम घेऊन जा, पाळण्याच्या पायथ्याशी ट्रायपॉडवर लाव आणि विसरून जा. गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणताना कुणाकुणाचे हात पाळण्याखालून येतात-जातात ते तुला त्या वेळी दिसणार नाही, नंतर दिसेल. आवडलं तर पुढच्या वर्षी एखादा शोधू.

मला तो वैशाखात परत हवा आहे. धाकट्या पुतण्याची मुंज ठरली आहे. पत्रिकेवर नंबर या वेळीही माझाच आहे, पण मातृभोजनाच्या आधी फोन मेहुण्याकडे द्यायचा हे त्याच्याशी बोलून ठेवलंय. दोन बॅटऱ्या आदल्या रात्री चार्ज करायच्या आणि कार्ड रिकामं करायचं. वहिनीच्या उजव्या हाताची बाजू मोकळी राहील असा कोपरा कार्यालयात जाऊन बघून आलोय.