पाणथळ शेतात भात: मोड आणून पेरावा, भिजवून सुकवून पेरावा, की वाणच बदलावा?

आधी एवढं पक्कं करा: तुमच्या शेतात पाणी चढतं ते पेरणीनंतर लगेच, की रोपं वर आल्यावर? उपाय त्यावरूनच ठरतो.

प्राणवायू पाण्यातून हवेच्या मानाने सुमारे १०,००० पट हळू पसरतो. तरीही बुडालेलं भाताचं बी कोंब वर ढकलतं. मूळ मात्र अडून राहतं. कोंब हवेत पोचेपर्यंत दाण्यातला साठा पुरला तर रोप जगतं, नाहीतर बी कुजतं.

मोड आणलेलं बी सर्वांत लवकर उभं राहतं. दिवसभर भिजवायचं, दिवसभर दडपून ठेवायचं आणि मोड लांबण्याआधी चिखलावर फेकायचं. पण सुरुवातीचे काही दिवस शेतातलं पाणी काढता यायलाच हवं. मोड फुटला की बियाची प्राणवायूची भूक वाढते आणि पेरणी पुढे ढकलण्याची सोयही संपते.

भिजवून, मोड फुटण्याआधीच काढून सावलीत सुकवलेलं बी थोडं मागे राहतं, पण पेरणी लांबली तरी काही दिवस टिकतं. उगवणही एकसारखी होते. खर्च जवळजवळ नाही, म्हणून पाणी उथळ पण बेभरवशाचं असेल तिथे मी हेच निवडेन. पाण्यावर तरंगणारं पोचट बी मात्र आधीच काढून टाका.

कॅल्शियम पेरॉक्साइडचा लेप बियाभोवती प्राणवायू सोडतो. जपानमध्ये तो वापरला गेला आहे. लहान शेतकऱ्याला तो खर्च आणि खटाटोप परवडेल असं मला वाटत नाही.

वाण निवडताना खरी फसगत होते. स्वर्णा-सब१ सारखा 'पूर सोसणारा' वाण रोपावस्थेत साधारण दोन आठवडे पाण्याखाली तग धरतो, तो वाढ थांबवून, शक्ती राखून. बुडालेल्या बियाला नेमकं उलटं हवं असतं: साठा वापरून झपाट्याने वर येणं. तो गुण म्यानमारच्या 'खाओ ह्लान ऑन' या स्थानिक भातात सापडला. त्यामागचं जनुक २०१५ मध्ये जाहीर झालं. म्हणून बी घेताना 'पूर सोसतो का' एवढंच न विचारता 'पाण्याखाली उगवतो का' हेही विचारा. असा वाण मिळाला तरी बी भिजवून-सुकवूनच पेरा आणि पाणी उथळ ठेवा.

पाणी गुडघाभर चढतं आणि काढायला वाटच नाही? मग थेट पेरणीचा नाद सोडा. उंचवट्यावर रोपवाटिका करा आणि रोपं नेहमीपेक्षा जून, उंच झाल्यावर लावणी करा.