चॅट्सवर्थला जाताय? महाल थोडा, बाग भरपूर

इंग्लंडमधल्या डर्बीशर परगण्यातलं चॅट्सवर्थ म्हणजे डेव्हनशरच्या ड्यूकांची, कॅव्हेंडिश घराण्याची इस्टेट. मँचेस्टर, शेफील्ड किंवा लीड्सला मुलांकडे आलेल्यांना एका दिवसात सहज होते. बहुतेक लोक रंगवलेली छतं आणि तैलचित्रं बघण्यातच थकतात आणि बागेला शेवटचा तास उरतो. उलट करा. महालाला दीड तास पुरे, १०५ एकरांच्या बागेला निदान तीन तास ठेवा. जिने चढणं त्रासाचं असेल किंवा खर्च आवरायचा असेल, तर नुसत्या बागेचं तिकीट काढा. काही चुकलं असं वाटणार नाही.

या बागेचं खरं वैभव पाणी आहे. जुनी कारंजी डोंगरावरच्या तळ्यांतून निव्वळ उताराच्या जोरावर उडतात. एम्परर कारंज्यासाठी जोसेफ पॅक्सटन या मुख्य माळ्याने वर ८ एकरांचं तळं खोदून घेतलं आणि तिथून नळ खाली आणला. १८४४ मध्ये ते पुरं झालं. रशियाच्या झारसाठी एवढा खटाटोप, आणि झार आलाच नाही! धार २९६ फुटांपर्यंत गेल्याची नोंद आहे, पण रोज तेवढी उडेल अशी अपेक्षा ठेवू नका. तळ्यात पाणी कमी असेल किंवा वारा जोराचा असेल तर ती कमी करतात, कधी बंदच ठेवतात. वारा कुठून येतोय ते बघून उभे राहा, नाहीतर चिंब भिजाल.

कॅस्केड, म्हणजे २४ टप्प्यांचा पाण्याचा दगडी जिना, १६९६ च्या सुमाराचा. दर टप्प्याच्या पायऱ्या वेगळ्या आकाराच्या, त्यामुळे पाण्याचा आवाजही वेगळा. मात्र गळतीमुळे त्याचं मोठं काम काढलं आहे. केवळ त्याच्यासाठी जाणार असाल तर पाणी सुरू आहे का, हे आधी त्यांच्या संकेतस्थळावर बघा.

आधी वरच्या वाटेने जा, मग उतरत या. रॉक गार्डनमधले प्रचंड दगड पॅक्सटननेच रचवलेले. ओल्या दिवसांत तिथल्या पायऱ्या निसरड्या होतात, चपला-सँडल नकोत. बाबागाडी असेल तर खालच्या सपाट वाटाच बऱ्या. भूलभुलैया १९६२ मध्ये लावला, तो पॅक्सटनच्या अवाढव्य काचघराच्या जागी. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, आतली उष्ण प्रदेशातली झाडं मेली आणि १९२० मध्ये ते काचघर सुरुंग लावून पाडलं.

आपल्याला इथे एक धागा जवळचा वाटावा. १८३० च्या दशकात पॅक्सटनने मॉरिशसहून आलेली केळ चॅट्सवर्थला वाढवली आणि तिला मालकाच्या आडनावावरून कॅव्हेंडिश म्हणू लागले. जळगावची बसराई आणि ग्रँड नैन दोन्ही याच गटातल्या.

लहान मुलं बरोबर असतील तर फार्मयार्ड आणि शेजारचं खेळाचं मैदान त्यांना आवडेल, पण बागेच्या तिकिटात ते धरलं आहे का हे विचारून घ्या. बाहेरचं पार्क, डरवेंट नदीकाठ आणि स्टँड वूड या टेकडीवरच्या रानातल्या वाटा फुकट आहेत. हंटिंग टॉवर या रानातल्या जुन्या मनोऱ्याचा चढ दमवणारा आहे, तरी वरून सगळं खोरं दिसतं, तेव्हा टाळू नका. पार्कात मेंढ्या मोकळ्या चरतात, कुत्रा साखळीला बांधलेलाच ठेवा.

तबेल्यांच्या जुन्या इमारतीतलं खाणं ठीक आहे, पण महाग. डबा न्या आणि गवतावर बसून खा.

जानेवारीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाल सहसा बंद असतो. रोडोडेंड्रॉनसाठी मे-जून गाठा. गाडीने जाणार असाल तर पार्किंग तिकिटाबरोबरच ऑनलाइन काढा. शेफील्डहून २१८ नंबरची बस येते. उतरल्या उतरल्या परतीच्या शेवटच्या बसची वेळ बघून ठेवा, रविवारी ती वेगळी असू शकते.