खिशात मावणारा धूलिकणमापक : एका ठाणेकराचा अभिप्राय

हवेची गुणवत्ता मोजणाऱ्या स्थिर केंद्राचा आकडा आणि प्रत्यक्ष श्वासात जाणारी हवा यांत किती तफावत असते, हे या उपकरणाने घोडबंदर रस्त्यावर चांगलेच दाखवले. माजिवड्याच्या सिग्नलला रिक्षा डंपरमागे थांबली की पीएम २.५ चा, म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान धूलिकणांचा, आकडा झरझर चढतो आणि येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी उतरतो. भारताचे २४ तासांच्या सरासरीचे मानक ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ ची शिफारस केली, त्यामुळे पडद्यावरचा हिरवा रंग कोणत्या मापाने ठरतो, हे माहितीपत्रकात असायला हवे होते. कणांवरून विखुरणाऱ्या लेझर प्रकाशावरून मोजणी होत असल्याने पावसाळ्यात ओलाव्याने फुगलेले कण आकडा वाढवतात. बॅटरी दिवसभर पुरते. किंमत मात्र जरा जास्तच वाटते.