घरी येऊन पाणी ‘तपासणाऱ्यां’पासून सावध राहा

पुण्यात सिंहगड रस्ता, धायरी, नऱ्हे, वडगाव या भागात घरोघरी जाऊन पाण्याची फुकट तपासणी करून देणारी माणसं फिरतात. माझ्या आईला त्यांनी साडेअठरा हजारांना फसवलं. तिच्याच सोसायटीत आणखी दोन घरांतून असेच पैसे गेले आहेत. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. ज्यांचे आई-वडील दुपारी घरी एकटे असतात, त्यांनी तरी हे पूर्ण वाचावं.

हे लोक नेमके का आले, ते आधी सांगायला हवं. २०२५ च्या जानेवारीत नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी पट्ट्यात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम करणारा आजार) साथ आली. दोनशेहून जास्त संशयित रुग्ण निघाले, त्यात काही दगावले. पाण्यातून पसरणारे कॅम्पायलोबॅक्टर नावाचे जंतू अनेक रुग्णांच्या तपासणीत सापडले. तेव्हापासून इकडच्या प्रत्येक घरात पाणी उकळून प्यायचं हे ठरलेलं. आईच्या गॅसवर दिवसभर पातेलं असायचं. भीती खरी होती आणि तिला कारणही खरं होतं. त्या भीतीवर हा धंदा उभा राहिला, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

मार्चमधली दुपार. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली दोन पोरं आली. खाली वॉचमनला सांगितलं, ‘चेअरमन साहेबांनी पाठवलंय.’ वर आईला सांगितलं, ‘काकू, पाण्याची तपासणी चाललीय, महापालिकेतून.’ चेअरमनना याचा पत्ताच नव्हता. ओळखपत्रावर ‘वॉटर सर्व्हे’ असं काहीतरी होतं, कंपनीचं नाव बारीक अक्षरात. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेली आहे. दारातून कुणालाही आत घेणारी बाई नव्हे. पण महापालिकेचं नाव आणि पाण्याचा विषय, त्या दिवसांत कोण नाही म्हणणार?

पुढे जे झालं ते बारकाईने वाचा, कारण सगळी फसवणूक इथेच आहे.

त्यांनी ओट्यावर दोन काचेचे ग्लास ठेवले. एकात आईच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्यांनी बाटलीतून आणलेलं ‘शुद्ध’ पाणी. मग पिशवीतून एक छोटं उपकरण काढलं, खाली धातूच्या चार कांड्या, वर वायर. कांड्यांची एक जोडी एका ग्लासात, दुसरी दुसऱ्यात, आणि प्लग बोर्डात. मिनिटभरात नळाचं पाणी आधी पिवळं, मग विटकरी, मग वर फेस आणि तळाला काळपट गाळ. दुसरा ग्लास जवळजवळ तसाच स्वच्छ. त्यांच्याकडे रंगीत तक्ताही होता: पिवळं म्हणजे लोह, हिरवट म्हणजे कीटकनाशकं, काळं म्हणजे जड धातू. आई मला नंतर फोनवर म्हणाली, ‘अगं, डोळ्यांदेखत लाल झालं. हे मी इतके दिवस पीत होते.’

त्यावर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारा मीटर बुडवला. नव्वदच्या आसपास आकडा आला. ‘काकू, हे बघा, केवढी घाण!’ आणि लगेच मशिनची गोष्ट. आरओ (बारीक पडद्यातून पाणी गाळणं), यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा), सात टप्पे, बाजारात तीस हजार, ‘साथीमुळे सर्वेक्षणातल्या घरांना’ साडेअठरा, आजच बुक केलं तर. क्यूआर कोड पुढे केला. पैसे कंपनीच्या नव्हे, कुणा माणसाच्या नावावरच्या खात्यात गेले. तासाभरात मशिन भिंतीवर बसवूनही गेले. इतक्या झटपट काम झालं म्हणून आई खूश होती.

मला हे कळलं ते रविवारी. आईच्या वरच्या मजल्यावर एक सर राहतात, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. आईने त्यांना तो लाल पाण्याचा प्रकार सांगितल्यावर ते काही न बोलता घरी गेले आणि नऊ व्होल्टची बॅटरी, दोन लोखंडी खिळे आणि तांब्याच्या तारा घेऊन आले. नव्या मशिनमधलं गाळलेलं पाणी ग्लासात घेतलं, खिळे बुडवले. बराच वेळ काहीच नाही. मग आईला म्हणाले, ‘वहिनी, मीठ आणा चिमूटभर.’ मीठ टाकलं, ढवळलं. हळूहळू खिळ्याभोवती हिरवट पट्टे, मग तांबूस गढूळ पाणी, मग गाळ. तेच पाणी, ज्याच्यासाठी साडेअठरा हजार मोजले होते.

सरांनी समजावलं ते असं. त्या उपकरणातल्या प्रत्येक जोडीत एक कांडी लोखंडाची असते. पाण्यातून वीज वाहिली की लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि गंज तयार होतो. रंग पाण्यातून आलेला नाही, कांडीतून आलेला आहे. वीज वाहायला पाण्यात क्षार लागतात. नळाच्या पाण्यात ते असतातच, असायलाही हवेत. आरओने ते काढून टाकलेले असतात, म्हणून तिथे वीज फारशी वाहत नाही आणि पाणी स्वच्छ दिसतं. जंतूंचा या खेळाशी काडीचा संबंध नाही. उत्तम नळाचं पाणीही त्यात लाल होईल, आणि जंतूंनी भरलेलं आरओचं पाणी पांढरंशुभ्र राहील.

टीडीएसचंही तेच. मीटर फक्त विरघळलेले क्षार मोजतो, जंतू मोजत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस चांगला धरला आहे. खडकवासला धरणसाखळीचं पाणी मुळात मऊ. नव्वद हा आकडा घाणीचा नाही, चांगल्या पाण्याचा आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तर ५०० पेक्षा कमी टीडीएस असलेल्या ठिकाणी आरओवर बंदी घालायला सांगितलं होतं, कारण त्यात गाळून मिळतं त्यापेक्षा जास्त पाणी सहसा वाया जातं. शिवाय साथीच्या वेळी महापालिकेने याच भागातल्या काही खासगी आरओ प्रकल्पांना टाळं ठोकलं होतं, त्यांच्या पाण्यात दोष सापडले म्हणून. ‘आरओ’ अशी पाटी लागली की पाणी निर्धोक झालं, असं नाही.

जंतूंची शंका असेल तर पाणी खळखळून उकळा, कॅम्पायलोबॅक्टर त्यात मरतो. खरी तपासणी हवी असेल तर राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा पुण्यातच आहे. ओट्यावर दोन मिनिटांत जंतू दाखवणारं कुठलंही उपकरण नसतं.

मशिन उघडून बघायला ओळखीच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने कव्हर काढलं आणि आधी यूव्हीची जागा दाखवली: तिथे साधा निळा एलईडी लावलेला. मेम्ब्रेनच्या (आरओच्या पडद्याच्या) नळकांड्यावर नाव नाही, नंबर नाही. पावतीवर जीएसटी क्रमांक नाही, वॉरंटी कार्डावर सिरियल नंबरची जागा कोरी. पावतीवरच्या नऱ्हेतल्या पत्त्यावर गेलो तर तिथे फ्लेक्सचं दुकान, यांचं नाव कुणी ऐकलेलं नाही. फोन सुरुवातीला उचलायचे. ‘वापरलेलं मशिन परत होत नाही मॅडम’, एवढंच म्हणायचे. नंतर नंबरच बंद.

‘वापरलं म्हणून परत नाही’ हे ऐकून गप्प बसू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घेणं नाकारणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. रीतसर बिल न देणं हीसुद्धा. थेट विक्री करणाऱ्या कंपन्यांसाठी २०२१ चे वेगळे नियम आहेत. त्यांच्या विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ किंवा परवानगी घेतल्याशिवाय घरी यायचंच नाही, आणि आल्या आल्या स्वतःची, कंपनीची खरी ओळख द्यायची. दारात कुणी ‘सर्व्हे’ म्हणून उभा राहिला तर आधी वॉचमनच्या वहीत पूर्ण नाव, कंपनी आणि गाडीचा नंबर लिहायला लावा. आमच्या सोसायटीत आता तसं केलंय. महापालिकेचं नाव कुणी घेतलं तर दार उघडण्याआधी क्षेत्रीय कार्यालयात फोन करून विचारा. आणि पैसे? बिल हातात येईपर्यंत एक रुपया नाही, आणि व्यक्तीच्या नावाच्या क्यूआरवर कधीच नाही.

आम्ही बँकेला कळवलं, १९३० वर सायबर तक्रार नोंदवली, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंदवली, चौकीत अर्ज दिला. पैसे अजून मिळालेले नाहीत. हेही सांगते, १९३० वर फोन करायला जेवढा उशीर होईल तेवढा पैसा खात्यातून पुढे निघून जातो. आईने रविवारपर्यंत कुणाला सांगितलं नाही, कारण तिला वाटत होतं मशिन चांगलं आहे. तुमच्या घरी असं काही आलं असेल तर आजच पावती आणि पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, मशिनच्या आतले फोटो घ्या.

आता जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहोत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही, राहत्या जिल्ह्यात दाखल करता येते आणि दोन वर्षांची मुदत असते. एकच गाऱ्हाणं असलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रारही करता येते. आमची तीन घरं झाली आहेत. धायरी, नऱ्हे, वडगाव भागात मार्चनंतर कुणाकडे ‘वॉटर सर्व्हे’वाले येऊन मशिन बसवून गेले असतील, आणि आत निळा एलईडी निघत असेल, तर पावती जपून ठेवा आणि मला कळवा. तक्रार लिहून तयार आहे, तुमचं नाव त्यात घालता येईल.